इंग्रजीतील सर्वनामे

नामाऐवजी येणाऱ्या शब्दांचा इंग्रजीतला हा छोटा वर्ग. पुरुषवाचक, स्वामित्वदर्शक, आत्मवाचक, परस्परवाचक, दर्शक, प्रश्नार्थक, संबंधी आणि अनिश्चित असे त्याचे प्रकार व्याकरणात सांगतात. शिकणाऱ्याची दमछाक मात्र पहिल्या प्रकारातच होते.

जुन्या इंग्रजीत नामांनाही विभक्तीचे प्रत्यय लागत. पुढे ते बहुतेक गळाले. पुरुषवाचक सर्वनामांत कर्ता व कर्म यांची रूपे तेवढी वेगळी राहिली : आय–मी, ही–हिम, शी–हर, वुई–अस, दे–देम. (इथले ‘मी’ म्हणजे आपले ‘मला’.) ‘बिट्वीन’, ‘विथ’, ‘फॉर’ यांच्यानंतर कर्माचेच रूप येते, म्हणून ‘बिट्वीन यू अँड मी’ बरोबर. ‘बिट्वीन यू अँड आय’ ही अति शुद्ध बोलण्याच्या हौसेतून होणारी चूक, आणि ती जन्माने इंग्रजी बोलणारेही करतात. शंका आल्यास जोडीदार गाळून पाहावा : ‘ही कॉल्ड रवी अँड आय’मधून रवी काढला की उरलेले ‘ही कॉल्ड आय’ लगेच कानाला खटकते.

‘यू’ मूळचे अनेकवचनी, तेही कर्माचे रूप. एकवचनी ‘दाऊ’ सतराव्या शतकात सर्वसाधारण बोलीतून मागे पडले आणि तू-तुम्ही हा भेद संपला. एकाच माणसाशी बोलतानाही ‘यू आर’ म्हणतात ते त्यामुळेच. आत्मवाचक रूपांत मात्र वचन अजून दिसते : एकाला ‘युअरसेल्फ’, अनेकांना ‘युअरसेल्व्ह्ज’.

‘दे’ स्कँडिनेव्हियन भाषेतून आले. व्यक्ती अनिश्चित असताना ते एकवचनी वापरण्याची रीत चौदाव्या शतकापासूनची आहे : ‘समबडी लेफ्ट देअर बॅग’. अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी तिथे ‘ही’चा आग्रह धरला, पण बोलणाऱ्यांनी तो फारसा मनावर घेतला नाही. स्वतःला स्त्री वा पुरुष न म्हणवणाऱ्या व्यक्तींसाठीही आता ‘दे’ रूढ होत आहे. 2019 साली मेरियम-वेबस्टर कोशाने त्याला वर्षाचा शब्द ठरवले.

‘इट इज रेनिंग’मधले ‘इट’ कशाच्याच ऐवजी आलेले नसते. इंग्रजी विधानाला कर्ता लागतो म्हणून ते तिथे बसवलेले असते. स्वामित्वदर्शक ‘इट्स’ला अपॉस्ट्रॉफी लागत नाही, ती दिसली तर ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ असे वाचावे. ‘माय’पुढे नाम हवे, ‘माइन’ एकटे चालते.

संबंधी सर्वनामांत माणसांसाठी ‘हू’, वस्तूंसाठी ‘व्हिच’, आणि ‘दॅट’ दोहोंसाठी. ते कर्म असेल तर सरळ गाळताही येते : ‘द बुक आय बॉट’. मराठीतही ‘जे पुस्तक मी घेतले ते’ऐवजी ‘मी घेतले ते पुस्तक’ म्हणताना ‘जे’ असेच गळते.