मस्टर कुणाच्या कपाटात?

शिरोलीच्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, ठेकेदाराकडं राबलेला मोल्डर (साचे करणारा कामगार) कोल्हापुरात साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला, की उलटतपासातला पहिला प्रश्न जवळपास ठरलेला: "तिथं कामाला होता याचा काही कागद?" तो सांगतो, मुकादम सकाळी वहीत नाव टिपायचा, पगार रोख. वही कुठाय? मुकादमाकडं.

तोंडी खरं की लेखी, हा वाद साहेबानं आणलेला नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत पुरावे तीन: लिखित, भोगवटा आणि साक्षीदार. तिन्ही नसतील तर दिव्य, म्हणजे अग्निपरीक्षेसारखी कसोटी. मराठेशाहीत गोतसभेपुढं, म्हणजे गावच्या न्यायसभेपुढं, लोक बोलत आणि निवाड्याचा कागद, महजर, लिहिला जाई. म्हणजे ज्या कागदाची आपण शपथ घेतो, तोही मुळात कुणाच्या तरी तोंडचाच. 1872 च्या पुरावा कायद्यानं वाटण्या केल्या. दस्तऐवजातला मजकूर सोडून बाकी सारं तोंडी साक्षीनं शाबीत करता येतं, पण ती स्वतः पाहिल्या-ऐकल्याची हवी. आणि लेखी कराराच्या अटी तोंडी बोलून फिरवता येत नाहीत. 1 जुलै 2024 ला भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी हा गाभा तसाच आहे.

कामगाराचं घोडं अडलं 240 दिवसांवर. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली बारा महिन्यांत तेवढे दिवस भरले, तर नोटीस आणि भरपाई दिल्याशिवाय कपात करता, म्हणजे कामावरून कमी करता, येत नसे. पण दिवस भरले हे दाखवायचं कुणी? 2002 मध्ये वन खात्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, कामगारानं, आणि त्याचं नुसतं शपथपत्र पुरणार नाही. मालकांच्या वकिलांना हे आयतंच सापडलं. 2005 मध्ये त्याच न्यायालयानं खुलासा केला: ओझं कामगारावरच, पण रोजंदारीवाल्याला नेमणूकपत्र, पगारपावती मिळतच नाही, त्यानं पिंजऱ्यात येऊन सांगावं, मालकाकडून मस्टर, म्हणजे हजेरीपट, मागवावं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं हेच सर्वांत जमिनीवरचं वाक्य.

बेरोजगार भत्त्यात हीच गाठ वेगळ्या रूपात आली. राज्य कामगार विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना 1 जुलै 2018 ची. 2020 मध्ये भत्ता सरासरी कमाईच्या 25 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर गेला, मुदत जास्तीत जास्त 90 दिवसांचीच राहिली, आणि अर्ज मालकामार्फत पाठवायची अट गेली. चांगलंच झालं. पण महामंडळाच्या संकेतस्थळावर दरमहाची वर्गणी भरताना कामगाराच्या नावापुढचं कारण मालकाचाच माणूस निवडतो. 'नोकरी सोडली' आणि 'कपात' हे तिथं वेगळे पर्याय आहेत. कामगार म्हणतो, "मला काढलं." पडद्यावर दिसतं, सोडून गेला. गैरवर्तनाचा शिक्का बसला तर भत्ताच नाही.

21 नोव्हेंबर 2025 ला लागू झालेल्या कामगार संहितांनी नेमणूकपत्र सक्तीचं केलं. आधी राबलेल्यांचा पुरावा मात्र अजून तोंडातच आहे. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं, मुंबईची रात्रीची गाडी वाचली. तरी 1948 च्या विमा कायद्यानं तिथलं अपील महत्त्वाच्या कायदेशीर प्रश्नापुरतंच ठेवलं होतं. साक्षीचं वजन खालीच ठरायचं. वर पोचायचा तो टंकलेखकानं उतरवलेला जबाब.