मिठावर वसलेल्या शहरातली स्पोर्ट्‌स कार

अमेरिकेतलं डेट्रॉइट हे मोटारींचं शहर अक्षरशः मिठावर वसलेलं आहे. चाळीस कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र होता. तो आटला आणि मिठाचे थर मागे राहिले. आज ते जमिनीखाली सुमारे ३५० मीटरवर आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिथे खाण चालते, आणि त्या मिठाचा मोठा वाटा रस्त्यांवरचा बर्फ वितळवण्यात खर्च होतो.

ट्रॉय, नोव्हाय, कँटन या आसपासच्या गावांत मोटार उद्योगातली बरीच मराठी कुटुंबं राहतात. हौसेने घेतलेली मस्टँग किंवा कॉर्व्हेटसारखी स्पोर्ट्‌स कार दारात असेल, तर दिवाळी आटोपता आटोपता एक प्रश्न उभा राहतो : हिवाळाभर ही चालवायची, की एप्रिलपर्यंत झाकून ठेवायची?

थंडीने इंजिन खराब होईल, ही भीती बहुतेकांना आधी वाटते. गाडी एकदा नीट तापली की इंजिनाला थंडी उलट मानवते. उणे १० अंशांची हवा ३० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १५ टक्के दाट असते, म्हणजे प्रत्येक श्वासात इंजिनाला तेवढा जास्त ऑक्सिजन मिळतो. खरी अडचण टायरची आणि मिठाची आहे.

आधी टायर. १९८६ च्या जानेवारीत चॅलेंजर अवकाशयान कोसळलं. पुढच्या महिन्यात चौकशी समितीसमोर भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्या यानाच्या रॉकेटच्या सांध्यांत असते तशा रबरी कडीचा एक तुकडा चिमट्यात आवळून बर्फाच्या पाण्यात बुडवला. बाहेर काढून चिमटा सोडला, तर रबर लगेच मूळ आकारात परत येईना. रबराचे लांबलचक रेणू ऊब असेल तोवर वळवळत असतात, थंडीत ते आखडतात. स्पोर्ट्‌स कारचे उन्हाळी टायर तापलेल्या डांबरासाठी बनवलेले असतात. पारा ७ अंशांच्या खाली गेला की त्यांचं रबर कडक होऊ लागतं. मग ते डांबराच्या बारीक खाचांत शिरत नाही, आणि पकड तर तिथूनच मिळते. रस्ता कोरडा ठणठणीत असला तरीही हे घडतं, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. अशा टायरांबद्दल जनरल मोटर्सचीच सूचना आहे की उणे ७ च्या खाली गाडी जागची हलवूसुद्धा नका, रबराला चिरा पडू शकतात.

यावर उपाय आहे. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्यावर मुद्दाम पाडलेल्या असंख्य बारीक खाचा बर्फ धरून ठेवतात. ते चढवले की स्पोर्ट्‌स कारही हिवाळ्यात चालवता येते. मिठाला मात्र असा सोपा उपाय नाही.

हाताने फिरवायच्या आइसक्रीमच्या पॉटमध्ये बर्फावर खडेमीठ टाकतात, ते आठवा. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो, फार तर उणे २१ अंशांपर्यंत. रस्त्यावरही हेच होतं. पण उणे १० च्या आसपास साधं मीठ मंदावतं, म्हणून पुष्कळ ठिकाणी त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळतात. हा पदार्थ हवेतला ओलावा शोषून घेतो. त्यामुळे रस्ता वाळलेला दिसला तरी गाडीच्या पोटाला लागलेला थर ओलाच राहतो.

गंज ही मुळात विजेची देवाणघेवाण आहे. लोखंड इलेक्ट्रॉन सोडतं, ऑक्सिजन आणि पाणी ते घेतात, आणि खारं पाणी या व्यवहाराला वाट करून देतं. ॲल्युमिनियमवर संरक्षक ऑक्साइडचा पातळ पापुद्रा असतो, क्लोराइड तोही भेदतं. आजच्या कॉर्व्हेटची चौकट ॲल्युमिनियमची आहे. अशा चौकटीला जिथे पोलादी बोल्ट भिडतो, तिथे मिठाचं पाणी साचलं की छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. खारा वारा पत्रा कसा खातो हे मालवण-रत्नागिरीकडच्या गाडीवाल्यांना सांगायला नको. डेट्रॉइटमध्ये तर तोच खारेपणा चाकांमधून थेट गाडीच्या पोटावर उडतो.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तापमान १० अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. त्यामुळे मीठ माखलेली गाडी बाहेरच्या कडाक्यात जितकी गंजते, त्याहून अधिक ऊबदार गॅरेजमध्ये गंजते. आपण मायेने तिला उबेत ठेवतो आणि नेमकं तिथेच नुकसान वाढतं. आत घेण्याआधी खालून भरपूर पाण्याने धुवायलाच हवी.

म्हणून माझं स्पष्ट मत : घरात दुसरी गाडी असेल, तर मीठ पडणाऱ्या गावात स्पोर्ट्‌स कार ठेवूनच द्यावी. पण ठेवायची तर पूर्ण ठेवावी. ‘आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालू करतो’ हा लोकप्रिय मधला मार्ग सगळ्यांत वाईट. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. गाडी अर्धा तास रस्त्यावर धावली तर ते वाफ होऊन निघून जातं. जागच्या जागी दहा मिनिटं फुरफुरली तर त्यातलं बरंचसं थंड सायलेन्सरमध्ये आणि इंजिन ऑइलमध्ये मुरतं. दर आठवड्याला आपण इंजिनाला आतून भिजवत राहतो, आणि स्टार्टरने घेतलेली वीजही बॅटरीला पुरती परत मिळत नाही.

बॅटरीचं गणित सोपं आहे. उभ्या गाडीतही घड्याळ, अलार्म, संगणक मिळून समजा ५० मिलिअँपिअर खातात. म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. ६० अँपिअर-तासांची बॅटरी ५० दिवसांत रिकामी. त्यात भरलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे ५० लाही गोठत नाही, पण पार उतरलेल्या बॅटरीत जवळजवळ पाणीच उरतं. ते उणे १० च्या आसपास गोठतं आणि बॅटरी फुटू शकते. म्हणून बॅटरी मेंटेनर, म्हणजे बॅटरी भरलेली राखणारा छोटा चार्जर, लावून ठेवावा.

बाकीची तयारी थोडक्यात. ठेवण्याआधी ऑइल बदला. टाकीत स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं रसायन) घालून ती पूर्ण भरा, कारण तिथल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते रिकाम्या जागेतल्या हवेचा ओलावा ओढतं. टायरमध्ये हवा थोडी जास्त ठेवा. हँडब्रेक ओढू नका, चाकाखाली ठोकळा लावा.

मार्चमध्ये एखाद्या दिवशी छान ऊन पडतं आणि हात शिवशिवतात. पण तेव्हा रस्त्यावर मिठाची पांढरी पूड असते. तिथले जुने गाडीवाले वसंतातल्या दोन-तीन दणदणीत पावसांनी रस्ते धुऊन निघेपर्यंत थांबतात. मग गाडी बाहेर काढायची. पहिल्या काही ब्रेकना डिस्कवरचा गंज खरखरतो, तो लगेच जातो. टायर मात्र सकाळच्या गारठ्यात अजून कडकच असतात, तेव्हा पहिली फेरी दुपारी मारावी.