बोरिवलीच्या जंगलवाटेवर जायचंय? तिकीट वेगळं, परवानगी वेगळी

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या मुख्य प्रवेशद्वारावर तिकीट काढलं की सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं सगळं जंगल फिरायला मोकळं झालं, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात त्या तिकिटावर पर्यटन भाग आणि कान्हेरीकडे जाणारा सहा-सात किलोमीटरचा डांबरी रस्ता एवढंच मिळतं. व्याघ्र-सिंह सफारीचं तिकीट निराळं, आणि तिथले प्राणी कुंपणातले. कान्हेरी लेणी पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असल्याने तिथे पुन्हा वेगळं तिकीट लागतं; पंधरा वर्षांखालच्या मुलांना ते माफ आहे. उद्यान सोमवारी बंद असतं, आणि अनेक लोक याच कारणाने गेटवरून परत जातात.

खरं वन्यजीवन पाहायचं तर शिलोंडासारख्या जंगलवाटांवर जावं लागतं. तिथे मार्गदर्शकाशिवाय सोडत नाहीत. नोंदणी उद्यानातल्या निसर्ग माहिती केंद्रात होते. वाट आणि तारीख ठरवून गटातल्या लोकांची संख्या, वयं आणि गटप्रमुखाचं नाव व मोबाइल नंबर द्यायचा, शुल्क भरून पावती घ्यायची. त्या दिवशी प्रत्येकाने छायाचित्र असलेलं ओळखपत्र जवळ ठेवावं: आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, काहीही चालेल. परदेशी पाहुणा असेल तर पासपोर्ट. ऐनवेळी दोन जास्तीची माणसं घेऊन आलात तर अडचण होते, कारण मार्गदर्शकाची सोय नोंदवलेल्या आकड्यावर केलेली असते.

शाळा-महाविद्यालयांनी लेटरहेडवर, ‘वनसंरक्षक व संचालक, संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, बोरिवली (पूर्व)’ यांच्या नावे अर्ज करावा. सोबत विद्यार्थ्यांची इयत्तावार यादी, शिक्षकांची नावं, बसचा क्रमांक आणि भेटीचा हेतू जोडावा. पालकांची संमतिपत्रं शाळेने आपल्या फाइलला ठेवावीत. अर्जाची पोच घेतलेली प्रत त्या दिवशी हातात असू द्या. ‘साहेबांशी बोलणं झालंय’ हे गेटवरच्या माणसाला पुरत नाही.

संशोधन, चित्रीकरण किंवा व्यावसायिक छायाचित्रण असेल तर मामला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ खाली जातो. परवानगीचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांचा, कार्यालय नागपूरला. प्रकल्पाचा आराखडा, संस्थेचं पत्र, सहभागींची यादी, कोणत्या भागात किती दिवस जाणार, हे सगळं अर्जात हवं. ‘जंगलात शूटिंग’ एवढंच लिहिलं तर खुलासा मागणारं पत्र येतं आणि त्यात आठवडे जातात. ड्रोनचा उल्लेख अर्जात नसेल तर तो घरीच ठेवा.

आरे, मुलुंड किंवा येऊरकडून चोरवाटेने शिरणं हा कायद्याने गुन्हा आहे. कलम ५१ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय हा बिबट्यांचा वावर असलेला भाग आहे. आत गेल्यावर आग पेटवायची नाही, प्राण्यांना डिवचायचं नाही, कचरा टाकायचा नाही. माकडांना खाऊ घालणं तर अजिबात नको, नंतर ती पिशव्या ओढतात आणि चावतातही. पाण्याला स्टीलची बाटली न्या.

जंगलापेक्षा फ्लेमिंगो बघायचे असतील तर ठाणे खाडीचं अभयारण्य गाठा. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटी सुटतात. नोव्हेंबर ते मे हा हंगाम, आणि पात्रतेची काही अट नाही. कागदपत्रांपेक्षा इथे भरतीचं गणित महत्त्वाचं. ओहोटीला खाडीत नुसता चिखल उरतो, बोट चालत नाही. म्हणून फेऱ्यांच्या वेळा रोज बदलतात, सरासरी पाऊण-एक तासाने पुढे सरकतात. मुंबईत पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमारास येते आणि उधाणाची असते. अष्टमीला ती सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास, तीही भांगाची, म्हणजे पाणी कमी चढतं. तेव्हा रविवार धरून बेत आखण्याआधी पंचांग उघडा, तिथी बघा, आणि मगच केंद्राकडे त्या दिवशीच्या फेरीची वेळ विचारून आरक्षण करा.