स्टिअरिंगवरचे तास: मालमोटार चालकांच्या काम-विश्रांतीच्या कायद्यांची पार्श्वभूमी

मालमोटारीच्या चालकाने दिवसात किती तास गाडी चालवावी आणि दोन पाळ्यांमध्ये किती विश्रांती घ्यावी, हे आज बहुतेक मोठ्या देशांच्या कायद्यांत लिहिलेले आहे. युरोपीय संघात साडेचार तास गाडी चालवल्यानंतर ४५ मिनिटे थांबावे लागते, अमेरिकेत चालवण्याची मर्यादा ११ तासांची आहे, तर भारतात दिवस आठ तासांचा धरला आहे. एकाच थकव्यासाठी इतके वेगवेगळे आकडे कसे ठरले, असा प्रश्न साहजिकच पडतो. रेल्वेशी असलेली स्पर्धा, कामगार संघटनांचा रेटा, वाहतूकदारांची सोय आणि अपघातांची धास्ती यांच्या ओढाताणीतून ते ठरत गेले. माणसाच्या झोपेचा अभ्यास त्यात फार उशिरा आला.

कामाच्या तासांवरची बंधने आधी रेल्वेत आली. अमेरिकेत १९०७ च्या कायद्याने रेल्वेगाड्या चालवणाऱ्या कर्मचाऱ्यांना सलग १६ तासांहून अधिक काम देण्यास मनाई केली. रस्त्यावरची मालवाहतूक तेव्हा बाल्यावस्थेत होती. पहिल्या महायुद्धानंतर चित्र पालटले. ब्रिटनमध्ये लष्कराने विकायला काढलेल्या मोटारी घेऊन अनेकजण या धंद्यात उतरले, आणि भाडे खाली आणण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे स्वतः जागे राहणे किंवा नोकराला जागे ठेवणे हाच होता. १९३० च्या रोड ट्रॅफिक ॲक्टच्या कलम १९ ने सलग साडेपाच तास आणि चोवीस तासांत एकूण ११ तास अशी चालवण्याची मर्यादा घातली, तसेच सलग दहा तासांची विश्रांती सक्तीची केली. या कलमाची शब्दरचना मला आकड्यांपेक्षाही महत्त्वाची वाटते. ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त गाडी चालवणे जसे त्यात बेकायदा ठरवले होते, तसेच आपल्या नोकरीतल्या किंवा हुकमाखालच्या माणसाला तितका वेळ चालवायला लावणे आणि चालवू देणे हेही बेकायदा ठरवले होते. जबाबदारी मालकापर्यंत पोहोचते, हे कायद्याने अगदी आरंभीच ओळखले होते. पण रस्त्यावर सापडतो तो चालक. त्यामुळे पुढची कित्येक दशके व्यवहारात कायद्याचा रोख त्याच्याकडेच राहिला.

अमेरिकेत १९३५ च्या मोटर कॅरियर ॲक्टने चालकांचे तास ठरवण्याचा अधिकार आंतरराज्य वाणिज्य आयोगाकडे दिला. रेल्वेचे दर ठरवणारी हीच संस्था आता ट्रकचे परवाने, दर आणि चालकांचे तास असे तिन्ही पाहू लागली. आयोगाने १९३७ मध्ये पहिले नियम जाहीर केले, ते कामगार संघटनांना फारच सैल वाटले आणि त्यांनी हरकत घेतली. तडजोड होऊन चोवीस तासांत दहा तास चालवणे आणि सलग आठ तास विश्रांती असे सूत्र ठरले. जोडीला सात दिवसांत ६० तास किंवा आठ दिवसांत ७० तास अशी कामाची मर्यादा आली. याच सुमारास, १९३८ मध्ये, अमेरिकेचा किमान वेतन आणि जादा कामाच्या मोबदल्याचा कायदा झाला. मात्र ज्यांचे तास वाणिज्य आयोग ठरवू शकतो, अशा चालकांना जादा मोबदल्याच्या तरतुदीतून वगळण्यात आले. तासांचे नियम एका दारातून आत आले आणि त्या तासांचा पैसा दुसऱ्या दारातून बाहेर गेला. मैलामागे पैसे देण्याची पद्धत तिथे रुजली, आणि माल भरण्या-उतरवण्यासाठी ताटकळत घालवलेला वेळ बहुधा बिनपैशाचाच राहिला.

त्यानंतर १९६२ मध्ये झालेला बदल दिसायला किरकोळ आणि परिणामाने गंभीर होता. चोवीस तासांत दहा तास ही अट काढून, आठ तास विश्रांतीनंतर दहा तास चालवता येईल, एवढाच नियम ठेवला गेला. आता हिशेब करून पाहावा: दहा तास गाडी, आठ तास विश्रांती, म्हणजे अठराव्या तासाला चालक पुन्हा स्टिअरिंगवर बसू शकतो, आणि उरलेले सहा तास धरता चोवीस तासांत १६ तास गाडी चालवणे कायदेशीर ठरते. त्याहून वाईट म्हणजे अठरा तासांच्या या चक्रात झोपेची वेळ दर खेपेला सहा तासांनी अलीकडे सरकते. आज जो पहाटे चारला झोपला, तो आज रात्री दहालाच पुन्हा झोपेल आणि उद्या दुपारी चारला. शरीराचे घड्याळ चोवीस तासांचे असते. ते असे कुणाच्या सोयीने सरकत नाही. आणि झोपेसाठी दिलेल्या त्या आठ तासांतच जेवण, आंघोळ आणि जाणे-येणे उरकायचे असे. हा नियम चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकला.

भारतात १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ६५ ने पाच तासांनंतर किमान अर्धा तास विसावा, चोवीस तासांत नऊ तास आणि आठवड्यात ५४ तास अशी मर्यादा घातली होती. त्याच वर्षीच्या जूनमध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने रस्ते वाहतुकीतील कामाच्या तासांविषयी ६७ क्रमांकाचा करार मंजूर केला. दोन-अडीच महिन्यांत युद्ध पेटले, आणि पुढेही फारच थोड्या देशांनी तो स्वीकारला. स्वातंत्र्यानंतर १९६१ चा मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स ॲक्ट आला. दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास हे त्याचे मुख्य सूत्र होते, आणि लांब पल्ल्यासाठी संबंधित अधिकाऱ्याच्या मान्यतेने दहा आणि ५४ तासांपर्यंत सूट होती. विश्रांतीच्या वेळा धरून कामाचा दिवस साधारणपणे १२ तासांपलीकडे ताणायचा नाही, अशीही तरतूद होती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ ने स्वतःचे आकडे न देता याच कायद्याकडे बोट दाखवले. परंतु १९६१ चा कायदा मुळात पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक संस्थांसाठी होता. स्वतःची एकच गाडी स्वतःच चालवणारा माणूस कर्ज फेडण्यासाठी किती रात्री जागतो, याचा विचार या चौकटीत बसतच नव्हता.

युरोपीय आर्थिक समुदायाने १९६९ मध्ये सदस्य देशांसाठी सामाईक नियम केले. त्यामागे रस्ता सुरक्षा होती तशीच स्पर्धेची समान पातळीही होती. एका देशाचा चालक आठ तासांत थांबतो आणि शेजारचा बारा तास चालवतो, अशा स्थितीत सामाईक बाजारपेठ न्याय्य राहिली नसती. पण युरोपाचे खरे वेगळेपण पुढच्या वर्षी दिसले, जेव्हा वेळ, वेग आणि अंतर कागदी तबकडीवर सुईने कोरणारा टॅकोग्राफ बंधनकारक करण्याचा नियम झाला. तोपर्यंत बहुतेक ठिकाणी भिस्त हाताने लिहिलेल्या लॉगबुकवर होती, आणि अमेरिकी चालक आपल्या लॉगबुकांना उघडपणे ‘कॉमिक बुक’ म्हणत असत. ब्रिटनमध्ये मात्र संघटनांनी टॅकोग्राफला ‘केबिनमधला हेर’ म्हणून कडवा विरोध केला, सरकारने टाळाटाळ केली, आणि अखेर फेब्रुवारी १९७९ मध्ये युरोपीय न्यायालयाने ब्रिटनविरुद्ध निकाल दिला. त्या विरोधाला मी निव्वळ आडमुठेपणा म्हणणार नाही. यंत्र चालकाचा प्रत्येक मिनिट नोंदवत होते. अशक्य वेळापत्रक आखणाऱ्याच्या टेबलावर तसे कोणतेही यंत्र नव्हते.

साडेचार तास, ४५ मिनिटे आणि रोजचे नऊ तास हे आजचे युरोपीय आकडे १९८५ च्या नियमावलीत आले. पंधरवड्याला ९० तासांची चालवण्याची मर्यादाही तेव्हाचीच. २००६ च्या नियमावलीने त्यावर आठवड्याला ५६ तासांची मर्यादा घातली. त्याच नियमावलीने एक जुने दुखणेही हाताळले: सुरक्षिततेला धोका होईल अशा रीतीने अंतरावर किंवा मालाच्या वजनावर मोबदला देण्यावरची मनाई कायम ठेवली, आणि माल पाठवणाऱ्यांनीही या नियमांत बसेल असेच वेळापत्रक ठरवले पाहिजे, असे म्हटले. ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक राज्यांत २०१४ पासून लागू असलेल्या अवजड वाहन कायद्यात माल पाठवणारा, भरणारा आणि वेळा आखणारा असे सगळेच जबाबदारीच्या एका साखळीत येतात. १९३० च्या कलमातल्या ‘चालवायला लावणे’ या शब्दांचा अर्थ अशा रीतीने हळूहळू विस्तारत गेला.

अमेरिकेत जानेवारी २००४ पासून ११ तास चालवणे, १० तास विश्रांती आणि कामाला लागल्यापासून १४ तासांची खिडकी, म्हणजे त्या १४ तासांनंतर गाडी चालवायची नाही, असे नियम लागू झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये न्यायालयाने ते रद्दबातल ठरवले, कारण कायद्याने सांगूनही चालकांच्या आरोग्यावरील परिणामांचा विचार झाला नव्हता. तरी मुख्य आकडे पुढे कायम राहिले. १४ तासांचे ते घड्याळ सहसा थांबत नाही, त्यामुळे गोदामाच्या दारात चार तास गेले तर ते चालकाच्या दिवसातून वजा होतात. डिसेंबर २०१७ पासून इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्र सक्तीचे झाल्यावर ते तास कागदावर लपवण्याची सोयही संपली, आणि ताटकळण्याचा प्रश्न पहिल्यांदाच सर्वांच्या नजरेत भरला. जपानने एप्रिल २०२४ पासून चालकांच्या जादा कामाला वर्षाला ९६० तासांची मर्यादा घातली, तेव्हाही तिथल्या चर्चेत माल उतरवण्याच्या रांगा ठळकपणे आल्या.

विश्रांतीचे तास ठरले, तरी ती घ्यायची कुठे, हा प्रश्न कायद्यापुढे अगदी अलीकडे आला. २००९ मध्ये अमेरिकेत माल पोहोचवण्याच्या वेळेआधी आलेला एक चालक थांबायला सुरक्षित जागा नसल्याने एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर गाडी लावून थांबला आणि तिथे त्याचा खून झाला. त्यानंतर २०१२ च्या केंद्रीय वाहतूक कायद्यात ट्रकच्या थांब्यांसाठी तरतूद झाली. युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये, ४५ तासांची साप्ताहिक विश्रांती गाडीच्या केबिनमध्ये घेता येणार नाही, असा निर्णय दिला. २०२० च्या दुरुस्तीने त्यात भर घातली की बाहेर राहण्याचा खर्च मालकाने उचलायचा, आणि साधारणतः चार आठवड्यांतून एकदा चालकाला घरी परतता येईल अशी कामाची आखणी करायची.