विमानचालकांचे हेलिकॉप्टर प्रशिक्षण: आभासी वास्तव सिम्युलेटर

विमान उडवण्याचा अनुभव असलेल्या वैमानिकाला आभासी वास्तवाच्या (व्हीआर) सिम्युलेटरवर हेलिकॉप्टर शिकवण्याची पद्धती. शिकाऊ वैमानिक डोळ्यांवर व्हीआर संच चढवतो. त्याच्या हातापायांशी मात्र खरी नियंत्रणे असतात आणि काही संचांत आसनाखाली हलणारा मंचही असतो.

अशा वैमानिकाला हवामान किंवा रेडिओसंभाषण नव्याने शिकवावे लागत नाही. शिकवावे लागते ते हातांना. डाव्या हातातील कलेक्टिव्ह मुख्य रोटरच्या सर्व पात्यांचा कोन एकदम बदलतो, उजव्या हातातील सायक्लिक रोटरचे चक्र हव्या त्या दिशेला कलवतो, तर पेडल शेपटीच्या रोटरद्वारे नाकाची दिशा राखतात. एक हलवले की उरलेली दोन्ही सावरावी लागतात. खरी अडचण जुन्या सवयीची आहे. विमानात धोक्याचा भोंगा वाजताच दांडा पुढे ढकलण्याची सवय हाडीमाशी मुरलेली असते. हेलिकॉप्टरमध्ये भोंगा रोटरचे फेरे घटल्याचा असेल, तर सायक्लिक पुढे ढकलल्याने ते आणखी घटतात; तेव्हा थ्रॉटल (इंजिनाची शक्ती) वाढवून कलेक्टिव्ह तत्काळ खाली करावा लागतो. रॉबिन्सन या हेलिकॉप्टर बनवणाऱ्या कंपनीच्या २९ क्रमांकाच्या सुरक्षा-सूचनेत हाच धोका मांडला आहे. दोन पात्यांच्या झुलत्या रोटरमध्ये नाक झटक्याने खाली नेल्यास रोटरवरील भार नाहीसा होतो आणि त्यानंतरच्या चुकीच्या हालचालीने रोटरचा मध्य, तो ज्यावर फिरतो त्या उभ्या दंडावर आदळू शकतो. ही चूक हवेत करून पाहता येत नाही, सिम्युलेटरवर हवी तितक्या वेळा करता येते.

हवेत एका जागी स्थिर राहण्याच्या सरावात या तंत्राचा विशेष उपयोग होतो. पडद्यावरील नेहमीच्या चित्रात दोन्ही डोळ्यांना एकच प्रतिमा दिसते. व्हीआर संचात प्रत्येक डोळ्याला वेगळी मिळते, त्यामुळे जमिनीपासूनची मीटर-दोन मीटर उंची आणि बाजूला होणारी सूक्ष्म सरक जाणवते, शिवाय मान वाकवून स्किडजवळची (हेलिकॉप्टर ज्यांवर टेकते त्या दांड्यांजवळची) जमीनही पाहता येते.

युरोपीय संघाच्या विमानसुरक्षा संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये व्हीआरएम स्वित्झर्लंड (आताची लॉफ्ट डायनॅमिक्स) या कंपनीच्या रॉबिन्सन आर-२२ सिम्युलेटरला मान्यता दिली. आभासी वास्तवावर आधारलेल्या प्रशिक्षणसाधनाला मिळालेली ती पहिली मान्यता होय. अमेरिकेने २०२४ मध्ये याच कंपनीच्या एअरबस एच-१२५ सिम्युलेटरला मान्यता दिली.

संच घातल्यावर स्वतःचे हात दिसत नसल्याने ते कॅमेऱ्यांनी टिपून आभासी कॉकपिटमध्ये दाखवावे लागतात. काहींना मळमळ होते. मंच कलू शकतो, धक्के देऊ शकतो, पण भार नाहीसा झाल्यावर पोटात पडणारा खड्डा फार काळ टिकवू शकत नाही. धोक्याची ती पहिली खूण येथे डोळ्यांनीच ओळखावी लागते.