क्रॅक (क्रियापद)

क्रॅक हे इंग्रजीतील नुकसानवाचक क्रियापद. ‘तडा जाणे’ हा त्याचा आज रुळलेला मुख्य अर्थ असला, तरी मुळात ते आवाजाचे क्रियापद आहे. जुन्या इंग्रजीत कडकन आवाज होणे या अर्थी ते वापरत. भेगेचा अर्थ नंतर जडला. मराठी ‘तडकणे’मध्येही तो आवाज अजून ऐकू येतो. फोडणीत मोहरी तडतडते, उकळत्या पाण्याने काचेचा पेला तडकतो.

‘ब्रेक’ म्हणजे तुटणे, तुकडे सुटे होणे. क्रॅक झालेली वस्तू जागच्या जागी असते, पण तिचा एकसंधपणा गेलेला असतो. तडा गेलेल्या कपातून चहा पिता येतो, भरवसा मात्र उरत नाही.

हा फरक नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षबागायतदाराला वेगळा शिकवावा लागत नाही. निफाड, दिंडोरी, चांदवड भागांत ‘क्रॅकिंग’ म्हणजे मणी तडकणे. मण्यात पाणी उतरले, गोडी भरू लागली की साल ताणलेली असते. त्यातच अवकाळी पाऊस झाला तर मणी मुळांवाटे आणि थेट सालीतूनही पाणी ओढतो; आतला दाब सालीला पेलवत नाही आणि ती चिरते. रस पाझरतो, बुरशी धरते, शेजारच्या मण्यांना कूज लागते. घड वेलीवर शाबूत लटकलेला दिसतो, पण निर्यातीतून बाद होतो. बागलाणकडच्या लवकर छाटलेल्या बागा डिसेंबरच्या आसपासच काढणीला येतात, त्यामुळे हिवाळ्याच्या तोंडाशी आलेला पाऊस त्यांना जास्त जाचतो. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी जिल्ह्यात अवकाळी पावसासोबत गारपीटही झाली. गारेचा घाव निराळा: तिच्या माराने मणी फुटतो, पाण्याने तो तडकतो. फुटण्याला बाहेरचा मार लागतो, तडकणे आतून येते. पंचनाम्याच्या कागदावर दोन्ही ‘नुकसान’च; बागेत मात्र हे दोन शब्द वेगळे ठेवायलाच हवेत, कारण पुढचे उपाय वेगळे असतात.

मराठीत रुळताना या क्रियापदाने एक सुंदर वळण घेतले आहे. इंग्रजीत काच आपणहून क्रॅक होते आणि माणूसही ती क्रॅक करतो. दोन्हीकडे क्रियापद तेच. मराठीत नुकसान सांगताना बहुधा ‘जाणे’ किंवा ‘होणे’ येते: मोबाईलच्या स्क्रीनला क्रॅक गेला, मणी क्रॅक झाले. ‘करणे’ आले की बहुतेकदा यश असते: पोरीने पहिल्याच फटक्यात परीक्षा क्रॅक केली. इथे अवघड कवच फोडून आत शिरण्याची कल्पना आहे; सांकेतिक लिपी उलगडणे, सॉफ्टवेअरचे कुलूप तोडणे हे अर्थही त्याच वाटेने आले. जोक क्रॅक करणे हा प्रयोग मित्रमंडळींपुरता.

‘तो जरा क्रॅक आहे’ या बोलण्यात शब्द विशेषण होतो. लाडाने म्हटले तर चालते, पण मानसिक आजार असलेल्या माणसाबद्दल तो वापरणे क्रूरपणाचे आहे.