राजवाडा नसलेलं शहर

पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात, जेन्ने शहरापासून 3 किलोमीटरवर एक टेकाड आहे. आपल्याकडे गावाजवळ पांढरीचं टेकाड असतं ना, तसंच. फक्त हे 33 हेक्टरांवर, म्हणजे 80 एकरांवर पसरलंय. पाय टाकाल तिथे खापरं. पावसाने माती धुपलीय तिथे मोठाल्या रांजणांचे काठ वर आलेत. या रांजणांतून माणसं पुरलेली आहेत. जागेचं नाव जेन्ने-जेनो, म्हणजे जुनं जेन्ने.

1977 मध्ये सुसान आणि रॉडरिक मॅकिन्टॉश या पुरातत्त्वज्ञांनी इथे खणायला घेतलं. तोवर समज असा, की सहाराच्या दक्षिणेला शहरं उभी राहिली ती अरब व्यापाऱ्यांचे उंट आल्यावरच. पण तळाचा थर निघाला इ.स.पूर्व 250 च्या आसपासचा, आणि त्या काळातही इथे लोखंड वापरात होतं. इ.स. 800 च्या सुमारास शहर भरात होतं; भोवती मातीच्या विटांचा जवळजवळ 2 किलोमीटरचा तट होता.

हा सगळा नायजर नदीच्या गाळाचा प्रदेश. इथे ना दगड, ना खनिज, ना तांबं, ना मीठ. सगळं बाहेरून आणायचं, तर बदल्यात द्यायला काय? भात आणि मासळी. हा भातही आफ्रिकेचा स्वतःचा, आशियाई भाताहून वेगळ्या जातीचा. बाजरीचं मूळही याच भागातलं: मालीच्याच टिलेम्सी खोऱ्यात साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या लागवडीच्या बाजरीचे पुरावे मिळालेत. आपल्या भाकरीचं माहेर तिकडचं!

मला सर्वांत विलक्षण वाटतं ते इथे न सापडलेलं. राजवाडा नाही, राजाचं थडगं नाही, हुकूम सोडणारी गढी नाही. आहेत ती मुख्य टेकाडाभोवतीची कितीतरी छोटी टेकाडं. मॅकिन्टॉश यांच्या मते लोहार, कोळी, विणकर असे वेगवेगळ्या धंद्यांचे लोक आपापल्या वस्त्या राखून, पण एकमेकांच्या आधाराने राहत. कुणा एकाच्या हाती सगळी सत्ता नसतानाही हे शहर शतकानुशतकं चाललं.

1400 च्या सुमारास ते ओस पडलं. पण धंद्यांची ती वीण पुरती उसवलेली नाही. मालीतल्या लोहार घराण्यांत आजही पुरुष लोखंड घडवतात आणि बायका मडकी.